विश्व, मु. पो. कोल्हापूर

डॉ. जयंत नारळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. २०१४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा महाराष्ट्रभर आनंद झाला. कोल्हापुरातही झाला, पण जरा हात राखून. कारण ती चार नगरं म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. आणि नारळीकर जन्मले कुठं? १९ जुलै १९३८ रोजी, कोल्हापुरात. वडील विष्णु वासुदेव नारळीकर, सापेक्षतेतले नावाजलेले गणिती, त्यांचाही जन्म कोल्हापूरचा. मामा वसंत शंकर हुजूरबाजार, संख्याशास्त्रातलं मोठं नाव, तेही कोल्हापूरचेच. एवढी सगळी तयारी आम्ही करून दिली, आणि यादीत बघावं तर आमचं नाव नाही.

लहानपण बनारसला गेलं त्याला बाळ काय करणार, हे आम्हाला समजतं. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका काकांनी तोडगा काढला. ते म्हणाले, "आरं, चार नगरं येगळी. त्यातलं 'विश्व' हाय न्हवं, ते कोल्हापूर."

एका दृष्टीनं काकांचं बरोबर आहे. नारळीकरांचं कोल्हापूरपण जन्मदाखल्यात शोधायचं नसतं, स्वभावात शोधायचं असतं. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हे मत जगभरच्या शास्त्रज्ञांनी हळूहळू स्वीकारलं. १९६५ साली अवकाशाच्या सगळ्या बाजूंनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, तेव्हा तर बहुतेकांनी वाद मिटला म्हणून वह्या मिटल्या. फ्रेड हॉईल आणि नारळीकर काही मिटायला तयार नव्हते. १९९३ साली जेफ्री बर्बिजना बरोबर घेऊन त्यांनी महास्फोट न मानणारा आपला जुना सिद्धान्त दुरुस्त करून पुन्हा मैदानात आणला. महास्फोटाला त्याचं इंग्रजी नावसुद्धा हॉईल यांनीच १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर दिलं, म्हणजे ज्याला ती गोष्टच मान्य नव्हती त्यानं तिचं बारसं केलं. पुरावे बघता त्यांची बाजू पडली असं आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. पण सगळी दुनिया एकीकडं आणि आपला माणूस एकीकडं, हे चित्र कोल्हापूरकराला समीकरणं न वाचता आवडतं.

कोल्हापूरकर आकाशाकडं बघताना एकच प्रश्न विचारतो: ह्याचा आपल्याशी संबंध काय? बाहेरचे लोक ह्याला आत्मप्रौढी म्हणतात. म्हणू देत. खगोलशास्त्रात हाच प्रश्न नीट विचारला तर उत्तरं मिळतात, आणि ती पुण्या-मुंबईकडं न वळता थेट इकडं येतात.

किरणोत्सवाचंच घ्या. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत शेवटच्या दिवशी मुखावर. ह्या तारखा कुणी चिठ्ठ्या टाकून काढलेल्या नाहीत. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी तो जिथं मावळतो, तिथंच सहा आठवड्यांनंतर परतीच्या वाटेवर पुन्हा मावळतो. ज्यांनी देवळाचा अक्ष धरला त्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यांच्याकडं मोबाईल नव्हता.

आता त्या किरणाच्या बाजूनं विचार करा. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होतं तिथं ही ऊर्जा जन्मते. आतल्या दाटीतून धडपडत, आपटत, दिशा बदलत पृष्ठभागापर्यंत यायला तिला हजारो, कदाचित लाखभर वर्षं लागतात. तिथून पंधरा कोटी किलोमीटर अंतर मात्र ती आठ मिनिटं वीस सेकंदांत कापते. वाटेत काही नाही. बुध नाही, शुक्र नाही, सिग्नल नाही. आणि कोल्हापुरात शिरताना शेवटच्या काही मीटरांत कुणीतरी गच्चीवर बांधलेली पाण्याची टाकी आडवी येते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते: 'किरणे कमरेपर्यंत येऊन लुप्त'. मग अडथळ्यांची यादी निघते, पाहणी होते, प्राध्यापक मंडळी किरणांची प्रखरता लक्समध्ये मोजतात, आणि ज्याचा मजला वाटेत येतो तो गृहस्थ मनापासून सांगतो की अडथळा शेजाऱ्याच्या मजल्याचा आहे. एखाद्या वर्षी सगळं मोकळं असतं, तर क्षितिजावर ढग येऊन बसतो. ढगाला नोटीस काढता येत नाही, एवढ्यासाठीच तो सुटतो. देवळात दाटीवाटीनं उभे असलेले लोक तेव्हा जे हळहळतात, ते खरं तर हाडाचे खगोल निरीक्षक असतात. जगातली कुठलीही वेधशाळा ह्याच दोन गोष्टींवर दात खाते: एक ढग, दोन शेजारी.

पावसाळ्यात इथं आकाशाचं नावच काढायचं नाही. गगनबावड्याच्या माणसाला जून ते सप्टेंबर ताऱ्यांविषयी विचारलं तर तो तुमच्या तब्येतीची चौकशी करील. नेमक्या अशाच दिवसांत, जुलै २०२२ मध्ये, जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रं जगासमोर आली. कोल्हापुरात त्या काळात सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडं असतात: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पाणीपातळी. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. व्हॉट्सअ‍ॅपवर तासातासाला फूट आणि इंच येत असताना मधेच कुणीतरी कॅरिना तेजोमेघाचं छायाचित्र टाकलं. खाली तांबूस धुळीचे कडे, वर निळी पोकळी, मधे नवजात तारे. अंतर सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं. ग्रुपवर थोडा वेळ शांतता, आणि मग पहिला प्रश्न: "ह्यो कुठल्या बंधाऱ्याचा फोटो?" लगेच दुसरा: "पाणी रस्त्यावर आलंय काय?"

हसू नका. ती छायाचित्रं बघून जे लोक 'अहाहा' म्हणाले, त्यांनाही आपण काय बघतोय हे फारसं ठाऊक नव्हतं. वेब दुर्बीण टिपते ती अवरक्त किरणं, माणसाच्या डोळ्याला मुळीच न दिसणारी. कुठल्या तरंगलांबीला कुठला रंग द्यायचा हे शास्त्रज्ञ मागाहून ठरवतात. त्यात लबाडी नाही. सर्वांत लांब तरंगाला तांबडा, आखूड तरंगाला निळा, असा हिशेब असतो, आणि त्यावरून कुठं कसली धूळ नि कुठं कसला वायू हे समजतं. पण छायाचित्र डोक्यात ठेवून तुम्ही दुर्बिणीला डोळा लावायला गेलात, तर तुमची समजूत घालायला कुणीतरी बरोबर असलेलं बरं.

पन्हाळ्यापलीकडं मसाईच्या पठारावर हिवाळ्यात हा प्रसंग नेहमी घडतो. कोल्हापुरात आता रात्र उरलेली नाही, एलईडीनं तिची वाट लावली. त्यामुळं तारे बघायचे तर गाडी काढून पठार गाठायचं, नाहीतर दाजीपूरकडं जायचं. एखादे विज्ञानाचे सर दुर्बीण मांडतात. भोवती स्वेटर-मफलरवाले पालक, मुलं, आणि 'चला, बघून तरी येऊ' म्हणून आलेले दोन-चार पाव्हणे. सर मृग नक्षत्र दाखवतात. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, मधे ओळीनं तीन. व्याधानं हरणाला मारलेला बाण तो हाच. त्या तिघांच्या खाली अंधुक ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ, आणि तिच्या मधोमध जे धूसर दिसतं तो मृगातला तेजोमेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर, वीस-पंचवीस प्रकाशवर्षं रुंद, आणि आत या क्षणी शेकडो तारे आकार घेताहेत. सर रंगात येऊन हे सांगतात. रांग पुढं सरकते. पाव्हणे वाकून एक डोळा मिटतात, बराच वेळ बघतात, आणि सरळ होऊन म्हणतात, "सर, लेन्सवर वाफ धरलीया."

वाफ नसते. तोच तेजोमेघ असतो. पण मोबाईलवरच्या चित्रात तो लालभडक, आणि इथं फिकट पांढुरका. त्याचं कारण दुर्बिणीत नाही, डोळ्यात आहे. आपल्या डोळ्यातल्या शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंगातलं काही कळत नाही. कॅमेरा तासभर डोळे उघडे ठेवून थेंबाथेंबानं प्रकाश साठवतो, म्हणून त्याला हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल रंग मिळतो. पाव्हण्यांना हे पटवायला सरांनी एक युक्ती काढली आहे. ते म्हणतात, "हे बघा, भांडं एकच आहे. कॅमेऱ्याच्या वाटीत तांबडा रस्सा पडतो, आपल्या वाटीत पांढरा." ह्यानंतर शंका राहत नाही. उलट पाव्हणे दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात आणि पुढच्याला सांगतात, "पांढरा बी चांगलाय."

त्या पांढऱ्यात आणखी एक गोष्ट आहे. १,३५० वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यात पडतो, म्हणजे तो निघाला सातव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा इथं बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं, आणि अंबाबाईच्या देवळाचं मूळ बांधकामही त्याच काळातलं मानतात. देवळाचे दगड आणि तो प्रकाश ढोबळमानानं एकाच वयाचे. हे मी पठारावर एका आजोबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हंजे त्यो बी अंबाबाईलाच निघाला असणार."

मृगाशी आमचं नातं तसं विचित्रच. 'मृग लागला' म्हणतो तो जूनच्या ७-८ तारखेला, आणि नेमका तेव्हा मृग दिसत नाही. सूर्यच त्या भागात असतो, त्यामुळं ते नक्षत्र दिवसा उगवतं आणि दिवसाच मावळतं. दिसत नाही तेव्हा त्याची वाट बघायची, आणि डिसेंबरात डोक्यावर झळाळत असतं तेव्हा ऊसदराच्या गप्पा मारायच्या. पंचांगात त्याचं वाहनही दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की शिवार खुश. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकी बघायची, एवढंच गणित. बंगालच्या उपसागरावर काय चाललंय ह्याचा त्यात कुठंही उल्लेख नाही. तरी हवामानखात्याचा अंदाज चुकला तर आम्ही खात्याला शिव्या देतो. बेडकाला आजवर कुणी नावं ठेवल्याचं ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर कोल्हापूर जिल्ह्यात आकाश सर्वांत जास्त बघतो तो शेतकरी, आणि त्याचं श्रेय विजेच्या वेळापत्रकाला. शेतीपंपाला एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. दिवसाच्या लाईटसाठी आंदोलनं झाली, आणि ती रास्तच होती. गवा, बिबट्या आणि फुरसं ह्यांच्या सहवासात उसाला पाणी पाजण्याची हौस कुणाला असते? पण मध्यरात्री दारं धरून बसलेल्या माणसाला दुसरं बघायलाही काही नसतं. बॅटरी खाली, नजर वर. माझ्या ओळखीच्या एका मामांना एकाही तेजोमेघाचं नाव ठाऊक नाही, पण मृग अमुक बांधावर आला की किती वाजले हे ते मिनिटाच्या हिशेबात सांगतात. त्यांना मी म्हटलं, मामा, तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात. ते म्हणाले, "लाईटवाल्यांस्नी सांगा जरा."

पठारावरचा दुसरा पेच म्हणजे शनी. दुर्बिणीतून त्याच्याइतकं देखणं काही नाही. कडं स्पष्ट दिसतं, एखाद्यानं हातानं बसवल्यागत. मुलं किंचाळतात. पण रांगेत एखादे गृहस्थ असे असतातच की ज्यांची साडेसाती चालू आहे. ते दुर्बिणीपाशी येतात, थबकतात आणि बाजूला होतात. "नको. त्यो बघतोय तेवढं बास हाय." सर समजावतात, शनी सव्वाशे कोटी किलोमीटरहून लांब आहे. गृहस्थ म्हणतात, "एवढ्या लांबून ही तऱ्हा, तर भिंगातनं जवळ कशाला आणायचं?" ह्या तर्काला सरांकडं आजवर उत्तर नाही.

उत्तर नारळीकरांनी शोधलं होतं, आणि तेही चिडून नव्हे, प्रयोग करून. २००८ च्या सुमारास नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर गतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाला दिल्या, आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेली उत्तरं सरासरी ४६ टक्के. रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी ५० पडले असते. मामा संख्याशास्त्रज्ञ असल्याचा फायदा कुठं ना कुठं होतोच.

दुर्बिणीवाल्यांच्या बोलण्यात एम-३१, एम-४२ असे आकडे सारखे येतात. ते चार्ल्स मेसिए ह्या फ्रेंच माणसाचे. तो धूमकेतू शोधायचा, आणि आकाशातले हे धुरकट ठिपके त्याला फसवायचे. म्हणून ज्यांच्याकडं लक्ष द्यायचं नाही अशा पदार्थांची त्यानं यादी केली. १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली. त्यानं शोधलेले धूमकेतू आज कुणाला आठवत नाहीत. टाळायच्या यादीवर मात्र जगभरचे हौशी लोक रात्री जागवतात.

त्यातला एम-३१ म्हणजे देवयानी दीर्घिका. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तिला तेजोमेघच म्हणत. १९२० साली वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस ह्यांची त्यावर जाहीर जुंपली: ती आपल्या आकाशगंगेत आहे की बाहेर? निकाल लागला नाही, दोघेही आपणच जिंकलो म्हणत घरी गेले, ही पद्धत आमच्याही ओळखीची आहे. एडविन हबलनं तिच्यातल्या स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांवरून अंतर काढलं आणि १९२५ च्या सुरुवातीला प्रश्न सुटला. ती बाहेर आहे, आणि आजच्या मोजणीप्रमाणं पंचवीस लाख प्रकाशवर्षं बाहेर. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत लांबच्या गोष्टींपैकी एक. शिवाय ती सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडं येते आहे. अब्जावधी वर्षांनी दोन्ही दीर्घिका एकमेकींत मिसळण्याची शक्यता आहे. टक्कर म्हणावी तर ताऱ्यांमध्ये अंतर इतकं की तारे सहसा एकमेकांवर आदळणार नाहीत. पठारावर हे ऐकून एका तरुणानं काळजीनं विचारलं, "एवढी मोठी वाट होणार, तर टोल कोण घेणार?" कोल्हापूरनं टोल घालवला तो अशी काळजी आधीपासून करूनच.

संबंधाचा प्रश्न खरा सुटतो तो शिरोलीला. तिथं आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, तिथं लोखंड वितळतं. ते लोखंड ताऱ्यांत तयार झालेलं आहे. तारा हायड्रोजन जाळून हेलियम करतो. मोठा असेल तर पुढं कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं चढत जातो आणि लोखंडापाशी थांबतो. कारण लोखंडाच्या पुढं मीलन केलं तर ऊर्जा सुटत नाही, उलट पदरची घालावी लागते. इंधन संपतं आणि ताऱ्याचा गाभा क्षणार्धात कोसळतो. बाकीचा भाग स्फोटानं उडून जातो, आणि त्या धुळीच्या मेघातून पुढचे तारे, ग्रह आणि शिरोली एमआयडीसी. एका फाउंड्रीवाल्या आण्णांनी हे लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "म्हंजे लोखंडात मार्जिन न्हाई, हे ताऱ्याला बी कळलं. आमच्या पोरास्नी कळंना."

लोखंडाच्या पलीकडचं सामान, म्हणजे हुपरीची चांदी आणि गुजरीतलं सोनं, त्याला ह्याहून मोठा दंगा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवर पोचली. त्या धडकेतून सोन्यासारखी जड मूलद्रव्यं बनतात ह्याच्या खुणा शास्त्रज्ञांना तेव्हा मिळाल्या. गेल्या लग्नसराईत गुजरीत मावशीबरोबर साज बघायला बसलो होतो. दशावताराची पानं एकेक करून गादीवर मांडली जात होती, म्हणून मी हे सगळं तिला सांगितलं. हे सोनं पृथ्वीहून जुनं आहे, साडेचारशे कोटी वर्षांच्याही आधीचं, कुठल्याशा ताऱ्यांच्या धडकेतून आलेलं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि सराफाकडं वळली. "ऐकलासा न्हवं? माल वरनं आयता आलाय. घडणावळ कमी करा."

सराफांनी हसून कॅल्क्युलेटर पुढं ओढला. सोनं साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं असेल. दर त्यांनी त्या दिवशीचाच लावला.